वयाचे त्रैराशिक आणि अद्भुताची समीक्षा

एल्फ आणि मानव यांच्या वयांची तुलना करताना अद्भुतकथेचा वाचक बहुधा त्रैराशिक मांडतो. एल्फ हजार वर्षे जगत असेल आणि माणूस शंभर, तर शंभर वर्षांचा एल्फ म्हणजे दहा वर्षांचे मूल! आमची समीक्षा या हिशेबाकडे पोरखेळ म्हणून पाठ फिरवते. प्रस्तुत लेखकाच्या मते या दोन्ही भूमिकांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे. वय ही संख्या होय आणि परिपक्वता हे त्या संख्येचे आपोआप पदरी पडणारे फळ होय, हे ते गृहीतक.

ज्या टोल्किनचा आधार येथे घेतला जातो, त्याच्याच लेखनात हे त्रैराशिक मोडते. त्याच्या मुलाने संपादित करून १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या 'मॉर्गॉथ्स रिंग' या खंडातील विवेचनानुसार एल्फचे मूल वर्षाच्या आत बोलू लागते. त्याचे मन मानवी मुलापेक्षा लवकर वाढते, देह मात्र रेंगाळतो. माणसाचे मूल पूर्ण उंची गाठते तेव्हा समवयस्क एल्फ देहाने सात वर्षांहून मोठा दिसत नाही. त्याची वाढ पुरी व्हायला पन्नास वर्षे लागतात. मन आणि देह यांची गती अशी परस्परविरुद्ध असताना भागाकार कशाने करावयाचा?

मराठी परंपरेला हा प्रश्न नवा नाही. योगबळाने मृत्यू परतवीत १४०० वर्षे जगलेल्या चांगदेवाला, आख्यायिकेनुसार, ज्ञानेश्वरांना पत्र लिहिताना मायनाच सुचेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाचा अधिकार मोठा. नमस्कार लिहावा, तर वय आड येते. अखेर त्याने कोरा कागद धाडला. इतकी वर्षे जगूनही हा कोराच राहिला, असा अभिप्राय त्यावर भावंडांत धाकट्या मुक्ताबाईने दिला, आणि पुढे चांगदेव तिचाच शिष्य झाला. दीर्घायुष्य आणि परिपक्वता यांची फारकत याहून नेमकेपणाने क्वचितच मांडली गेली असेल. 'चांगदेवपासष्टी'वर तत्त्वज्ञानाच्या अंगाने आपण पुष्कळ लिहिले. तिच्या निमित्तकथेतील वयाचा हा पेच मात्र चमत्काराच्या खात्यावर टाकून मोकळे झालो.

मायन्याचा तो पेच मराठी अनुवादकापुढे आजही उभा असतो. विशीतला अ‍ॅरागॉर्न आर्वेनला प्रथम भेटतो तेव्हा ती सत्तावीसशे वर्षांची आहे आणि दिसते तरुण. त्याने तिला 'तू' म्हणावे, 'तुम्ही' की 'आपण'? इंग्रजी सर्वनाम हा प्रश्न झाकून ठेवते. मराठीत वाक्यागणिक निर्णय घ्यावा लागतो, आणि असा प्रत्येक निर्णय हा परिपक्वतेविषयीचा एक सिद्धान्तच असतो. अनुवादाची समीक्षा त्याची दखल घेणार नसेल, तर ती करते तरी काय?

कर्जत-खालापूरकडच्या वर्गात या दूरदेशीच्या दीर्घायुषींचे काय काम, असा आक्षेप येईल. तो आम्हांला मान्य नाही. एल्फशी तुलना करताना 'मानव' हे दुसरे पद आपण सिद्ध धरून चालतो. या तालुक्यांत ते तसे सिद्ध नाही. येथील कातकरी कुटुंबे पावसाळा संपल्यावर वीटभट्ट्यांकडे आणि कोळशाच्या भट्ट्यांकडे स्थलांतर करतात. तेथे धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन चूल सांभाळणारी दहा वर्षांची मुलगी आणि त्याच वयाचे शहरी मध्यमवर्गीय मूल यांना एकाच 'मानवी बाल्या'त बसवता येत नाही. जन्माची नोंद नसलेल्या कित्येकांच्या शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी १ जून ही तारीख घातलेली असते. तो आकडा प्रवेशाची सोय करतो. त्या मुलाच्या वाढीविषयी काहीच सांगत नाही. तेव्हा एल्फ माणसाच्या किती पट जगतो हे विचारणाऱ्याने तो माणूस कोणता, हे आधी सांगावे.

अद्भुतकथा हाच प्रश्न उघड्यावर आणते. एखाद्या पात्राला शेकडो वर्षे देऊन ती विचारते, की या वर्षांनी त्याला काय शिकवले, त्याने काय गमावले, आणि भोवतालच्यांनी त्याला कोणत्या वयाचे मानले? हे प्रश्न वास्तववादी कादंबरीला आपण नित्य विचारतो. अद्भुताला ते न विचारता बालवाङ्मयाच्या कप्प्यात ढकलणे हा समीक्षेचा आळस आहे. त्याला अभिरुचीचे नाव देऊ नये.