दवाखान्यालाही शेतकी खाते हवे



ऊस गव्हाणीत येऊन पडेल म्हणून आपला कारखाना वाट पाहत बसत नाही. लागणीची नोंद होते, स्लिपबॉय शिवारं पालथी घालतो, आडसाली कुणाचा, खोडवा कुणाचा, ह्याची यादी होते आणि हंगामाच्या तोंडावर नमुने काढून पक्वता पाहिली जाते. शेतकी खाते नसेल तर गाळप कोलमडेल, हे लहानातल्या लहान सभासदालाही ठाऊक आहे. मग मोठमोठी इस्पितळे मात्र दारात रोगी येईपर्यंत स्वस्थ का बसतात, असा आमचा साधा सवाल आहे. जो आला त्याचा केसपेपर निघाला. जो आलाच नाही, त्याची नोंद कुठं?

अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांना हा सवाल उशिराच पडला, पण पडला. गेल्या पंधरा-वीस वर्षांत तिथे ‘पॉप्युलेशन हेल्थ’, म्हणजे लोकसमूहाचे आरोग्य, ह्या नावाची स्वतंत्र खाती निघू लागली. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात असे खाते २०१२ साली सुरू झाले. एका रोग्याबरोबर सगळ्या वस्तीची नाडी पाहायची, आणि घर, अन्न, मजुरी ह्यांचा आजाराशी काय संबंध आहे ते मोजायचे, असे ह्या खात्याचे काम.

ही वाढ नुसत्या सद्बुद्धीने झाली असे मात्र कोणी समजू नये. २०१० च्या आरोग्य कायद्याने करमाफी घेणाऱ्या धर्मादाय इस्पितळांना दर तीन वर्षांनी भोवतालच्या लोकांच्या आरोग्याची गरज तपासणे बंधनकारक केले. पुढे ऑक्टोबर २०१२ पासून, हृदयविकार, न्यूमोनिया अशा काही आजारांत घरी सोडलेले रोगी तीस दिवसांत प्रमाणाबाहेर परत येऊ लागले, तर त्या इस्पितळाच्या सरकारी बिलात कपात होऊ लागली. मग घरी गेलेला रोगी गोळ्या घेतो का, त्याला शिजवून घालणारं कोणी आहे का, ह्याची काळजी आपोआप वाटू लागली. खिशाला झळ लागली की डोळे उघडतात, हा नियम सगळीकडे सारखाच.

आपल्याकडे हा विचार त्याहून जुना आहे. भोर समितीने १९४६ सालीच सांगितले होते की डॉक्टरला प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक शिकवले पाहिजे. आज त्या विषयाचे खाते प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात आहे. ‘कम्युनिटी मेडिसिन’ असे त्याचे आताचे नाव. सेवाग्रामला १९६९ साली निघालेल्या महाविद्यालयात तर विद्यार्थ्यांची तुकडी खेड्यात राहून कुटुंबे दत्तक घेते. २०२२ पासून अशी कुटुंबे दत्तक घेण्याचा कार्यक्रम देशभरच्या अभ्यासक्रमात आला. साखरपट्ट्यातही लोणीला आणि कराडला १९८४ साली महाविद्यालये उभी राहिली.

मग घोडं पेंड खातं कुठं? आमच्या मते, ह्या खात्याला जाब विचारणारं कोणी नाही, इथं. कॉलेजची थोरवी खाटांवर आणि ऑपरेशनांवर ठरते. भोवतालच्या वीस गावांत ह्या वर्षी बाळंतिणी किती दगावल्या, हे त्याच्या ताळेबंदात येत नाही.

ह्याची किंमत कोण देतं? आपला ऊस तोडणाऱ्या बाया देतात. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढली गेली, असे आरोग्यमंत्र्यांनी जून २०१९ मध्ये विधान परिषदेत सांगितले. ऊसतोड मजूर स्त्रियांचा विषय गाजला, तेव्हा चौकशी समिती नेमली गेली. ह्यातल्या प्रत्येक ऑपरेशनचा केसपेपर कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात होताच. बेरीज मात्र कोणी करत नव्हतं. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर पैसे कापतात, फडात आडोसा नाही, पाणी नाही, ह्या गोष्टी केसपेपरवर मावत नाहीत. त्या शोधायला फडावरच जावं लागतं.

कोणी म्हणेल, सरकारी आरोग्य केंद्र आहे की! आहे, आणि तिथली माणसं राबतातही. पण आरोग्य केंद्र आपल्या हद्दीतल्या गावांशी बांधलेले. टोळी हंगामात इथं, पावसाळ्यात तिथं. दोन्हीकडच्या यादीतून तिचं नाव सुटतं. राहतं ते फक्त मुकादमाच्या वहीत, उचलीच्या आकड्यापुढं. शिवाय मोजायचं कसं, कारण काढायचं कसं, हे शिकलेली माणसे महाविद्यालयात आहेत.

म्हणून आमची सूचना अशी. टोळ्या उतरल्या की जवळच्या महाविद्यालयाच्या ह्या खात्याने कारखान्याच्या शेतकी खात्यासोबत प्रत्येक कोपीवर जावे आणि बाया, पोरं, म्हातारी सगळ्यांची आरोग्य नोंद करावी. पट्टा पडल्यावर तीच नोंद पुन्हा तपासावी आणि त्याची प्रत त्यांच्या गावच्या केंद्राला धाडावी. यादी आपल्यापाशी आहे, जीपगाडी आहे, मुकादम ओळखीचे आहेत. नावे गुप्त ठेवून हिशेब मात्र वार्षिक अहवालात, साखर उताऱ्याच्या शेजारी, छापावा. छापलं की जाब विचारता येतो.

येत्या वार्षिक सभेत उताऱ्याबद्दल आणि दराबद्दल आपण बोलणारच आहोत. त्याच सभेत हा विषयही एखाद्या सभासदाने उभे राहून मांडावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.