तळ्यावरची साय

पुण्य स्वस्तात मिळत असेल तर ते सोडू नये, अशा मताचा मी मनुष्य आहे. नवीन पनवेलास बिऱ्हाड केल्यापासून माझा एक नेम असे. सकाळी रेल्वेच्या पुलावरून जुन्या पनवेलात उतरावे आणि तिथल्या एका तळ्यातल्या माशांना रात्रीच्या उरलेल्या पोळीचे तुकडे घालावेत. पनवेल हे मुळात तळ्यांचे गाव. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे, ही नावेच कशी एका घरच्या भावंडांसारखी वाटतात!

यंदाच्या वैशाखात माझ्या तळ्यावर दाट हिरवी साय धरली. मला वाटले, आपल्या पोळ्यांना यश आले, तळे बाळसे धरू लागले! घरी येऊन ही वार्ता मोठ्या अभिमानाने सांगितली. सौ. म्हणाली, "त्यापेक्षा रात्रीच दोन पोळ्या जास्त खाल्ल्यात, तर तुम्ही बाळसे धराल."

चौथ्या दिवशी पहाटे गेलो, तो पांढरी पोटे वर करून मासे काठाला लागलेले. पिशवीतली पोळी पिशवीतच राहिली.

आमच्या दारावर मासळी घेऊन येणाऱ्या मावशींना मी हे सांगितले. म्हटले, "तळे एवढे हिरवेगार, खायला मुबलक, आणि मासे मेले कसे?" मावशींनी टोपली खाली ठेवली आणि हसून म्हणाल्या, "अवो भाऊ, दूध वर येतं ते काय वाढलं म्हणून? खालचा जाळ वाढला म्हणून!"

पुढे आठ दिवस मी पुस्तके चाळली. मावशींच्या वाक्यापलीकडे फारसे काही हाती लागले नाही. फक्त आकडे मिळाले. वीस अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तेच पाणी तीस अंशांवर गेले की साडेसातच. शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडते खरे, पण रात्री तेच, आणि त्याचे कुजणारे भाईबंद, तो ओढून घेतात. पहाटे तिजोरी रिकामी! त्यातही निळ्या-हिरव्या जातीच्या शेवाळाला ऊन पाणी फार मानवते. त्याच्या पेशींत हवेच्या बारीक पिशव्या असतात. त्यांच्या बळावर ते वर तरंगते, सारा प्रकाश गिळते आणि खालच्यांना अंधारात ठेवते. त्याच्या काही जाती विषारीही असतात.

आणि जाळ तर सगळीकडेच वाढतो आहे. जगातल्या २३५ सरोवरांची १९८५ ते २००९ या काळातली मोजमापे पाहिली, तर वरचे पाणी दर दशकास सरासरी ०.३४ अंशाने तापले आहे. आकडा लहान दिसतो. पण आईच्या तापातला अर्धा अंशही आपण लहान म्हणत नाही.

गंमत अशी की, सगळीच तळी हिरवी होतात असे नाही. आफ्रिकेतले टांगानिका सरोवर सुमारे दीड किलोमीटर खोल. वरचे पाणी तापून हलके झाले, ते खालच्या गार पाण्यात मिसळेना. आमटी न ढवळता वाढली, तर डाळ तळाशी राहते आणि पानात नुसते पाणी येते, तसे झाले. तळचे पोषण वर येईना, शेवाळ घटले. तिथली उपज विसाव्या शतकात सुमारे २० टक्क्यांनी उतरली असावी आणि मासळी सुमारे ३० टक्क्यांनी, असा हिशेब शास्त्रज्ञांनी २००३ साली मांडला. उथळ तळ्यात अजीर्ण, खोल सरोवरात उपास! मासा दोन्हीकडे मरतो.

आपल्या बुलढाण्यातले लोणारही पाहा. एरवी हिरवे असणारे ते खारे पाणी जून २०२० मध्ये एकाएकी गुलाबी झाले. पाणी आटून खारटपणा वाढला आणि मीठप्रिय सूक्ष्म जीव माजले, असा निर्वाळा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दिला. एका उन्हाळ्यावरून हवामानाचा निवाडा करू नये हे खरे. पण पाण्याचा रंग बदलला की आत बिऱ्हाडे बदलली, एवढे समजावे.

जाळ कमी करणे ही साऱ्या जगाची गोष्ट आहे. एकट्या पनवेलकराच्या हातात ती नाही. भांड्यात काय ओतायचे हे मात्र आपल्या हातात आहे. सांडपाणी, साबणाचा फेस, निर्माल्य आणि, लिहिताना लाज वाटते, माझ्या पोळ्या, हे सारे शेवाळाचे खत. खत तोडले तर ऊन पाण्यातही ते तितके माजत नाही.

आता मी तळ्यावर रिकाम्या हातांनी जातो. उरलेल्या पोळीची सौ. फोडणीची पोळी करते, आणि ती मलाच खावी लागते. परवा मावशींना म्हटले, "दिवाळीचा फराळ उरला, तर तळ्यात टाकायचा नाही ना?"

"तळ्यात कशाला, भाऊ?" मावशी म्हणाल्या, "माझी टोपली काय लांब आहे?"