आयत्या बिळावर नागोबा : एका नकाशाच्या निमित्ताने

खेळावर गंभीरपणे लिहायला बसले की दोन आक्षेप आधीच दारात उभे असतात. एक, हा पोरखेळ आहे. आणि दुसरा, संगणकावरचा खेळ म्हणजे पोरखेळातलाही हलका प्रकार. या आक्षेपांना उत्तर देत बसण्याचा आमचा इरादा नाही. योहान हुइझिंगा या डच इतिहासकाराने १९३८ साली ‘होमो लुडेन्स’ लिहून संस्कृती ही खेळातून आणि खेळाच्या रूपात घडत जाते असे प्रतिपादन केले, तेव्हाच तो वाद पुष्कळसा निकालात निघाला होता. आमचे भांडण वेगळ्या पक्षाशी आहे. हा पक्ष खेळ अत्यंत गांभीर्याने घेतो, त्याचा हिशेब मांडतो, त्यातल्या डावपेचांवर पानेच्या पाने लिहितो आणि अखेरीस एका उघड खरेदी-विक्रीला ‘प्रगत सहकार्य’ असे नाव देऊन मोकळा होतो. शब्दांवर पोट भरणाऱ्या आमच्यासारख्यांना हे नाव गिळवत नाही.

ज्या खेळासंबंधी आम्ही बोलत आहोत तो ‘माउसहंट’. कॅनडातील हिटग्रॅब या कंपनीने तो २००८ मध्ये फेसबुकवर आणला. ग्नॉनिया नावाचे एक काल्पनिक राज्य, त्यात उंदरांचा सुळसुळाट, आणि राजाच्या वतीने उंदीर पकडणारा शिकारी म्हणजे खेळाडू. सापळा मांडायचा, त्याला चीज लावायचे आणि दर पंधरा मिनिटांनी रणशिंग फुंकायचे. कोणत्या प्रदेशात कोणते चीज लावले की कोणता उंदीर येण्याची शक्यता किती, आणि आलेला उंदीर सापळ्यात अडकण्याची शक्यता किती, एवढ्यावर सारा खेळ चालतो. हातघाई नाही, धावपळ नाही. संथ, बैठा आणि चिवट असा हा खेळ आहे.

या खेळात खजिन्याचे नकाशे असतात. नकाशा म्हणजे उंदरांची यादी. यादीतला प्रत्येक उंदीर एकदा पकडला गेला की नकाशा पुरा होतो. नकाशा उघडणाऱ्याला ठरावीक संख्येने सोबती बोलावता येतात. कुणीही कोणताही उंदीर पकडला तरी तो सगळ्यांच्या खात्यावर जमा, आणि नकाशा पुरा झाला की त्या क्षणी नकाशावर असलेल्या प्रत्येकाला खजिन्याची पेटी. ज्याने बारा उंदीर पकडले त्यालाही एक पेटी आणि ज्याने एकच पकडला त्यालाही एकच. आमच्या मते या खेळातली सर्वात सुंदर कल्पना हीच आहे, आणि नेमका हिच्यावरच घाला पडला आहे.

सोबत्यांची गरज का पडते, हे साध्या गणिताने समजते. समजा, नकाशावर वीस उंदीर आहेत, प्रत्येक जण सारख्याच शक्यतेने येतो आणि आलेला प्रत्येक उंदीर सापडतोच. तरीही वीसच्या वीस मिळवायला सरासरी बहात्तर वेळा शिंग फुंकावे लागते. त्यातले पहिले दहा उंदीर सुमारे तेरा प्रयत्नांत हाती येतात. उरलेल्या दहांसाठी एकोणसाठ लागतात. शेवटच्या एकट्या उंदरासाठीच सरासरी वीस प्रयत्न! कारण उघड आहे : जसजशी यादी भरत जाते तसतसे जुनेच उंदीर पुन्हापुन्हा सापळ्यात येऊ लागतात. एकट्या शिकाऱ्याला दर पंधरा मिनिटांना एक या गतीने बहात्तर प्रयत्नांना अठरा तास हवेत. पाच जण मिळून बसले तर तेच काम पावणेचार तासांच्या आत आटोपते. प्रत्यक्षात दुर्मीळ उंदरांची शक्यता याहून पुष्कळच कमी असते आणि ते वेगवेगळ्या प्रदेशांत विखुरलेले असतात. म्हणून एकाने एक प्रदेश धरावा, दुसऱ्याने दुसरा. महागडे चीज कुणी आणि कधी वापरायचे ते आधी ठरवावे. सोपे उंदीर नवख्यांसाठी राखून कठीण उंदरांवर मुरलेल्या शिकाऱ्यांनी बसावे. या सगळ्या योजकतेला सहकार्याची प्रगत नीती म्हणावे, याला आमची काहीच हरकत नाही. त्यात बुद्धी आहे, शेजारधर्म आहे आणि एकमेकांच्या वेळेची कदरही आहे.

पण गोष्ट इथे थांबली नाही. नकाशांभोवती एक बाजार उभा राहिला, आणि त्या बाजाराने तीन भूमिका घडवल्या. पहिली नकाशाच्या मालकाची : तो नकाशा उघडतो, खर्च सोसतो, माणसे जमवतो. दुसरी नेमबाजाची : अडून बसलेला एखादाच अवघड उंदीर पकडून देण्यासाठी तो मोल घेऊन येतो. आणि तिसरी भूमिका जिला खेळाडू स्वतःच, कसलाही संकोच न बाळगता, ‘लीच’ म्हणतात; म्हणजे जळू. हा गृहस्थ नकाशा जवळजवळ पुरा झाल्यावर येतो, ठरलेली किंमत मोजतो, एकही उंदीर न पकडता नकाशावर बसतो आणि पेटी घेऊन जातो. किंमत बहुधा ‘सुपरब्री प्लस’ या चीजमध्ये चुकती होते. जे उंदरासाठी आमिष म्हणून होते ते माणसांमधले चलन झाले आहे. याहून बोलके रूपक कुणा कादंबरीकाराला तरी सुचले असते का?

आता या व्यवस्थेतला विपर्यास पाहावा. नकाशावरच्या जागा मोजक्या असतात. त्यामुळे नेमबाज आला, सर्वात अवघड उंदीर पकडला, की तो आपले मोल घेऊन नकाशावरून उतरतो. त्याने रिकाम्या केलेल्या जागेवर जळू येऊन बसते. अखेरची शिकार होते तेव्हा ज्याने सर्वात कठीण काम केले तो नकाशावर नसतो आणि ज्याने काहीच केले नाही तो असतो. पेटीवर नाव दुसऱ्याचे. ‘आयत्या बिळावर नागोबा’ ही आपली जुनी म्हण आहे. पण त्या म्हणीतला नागोबा निदान दांडगाईने घुसतो, बिळाचे भाडे देऊन वर स्वतःला बीळ कोरणाऱ्यांचा भागीदार म्हणवत नाही.

नेमबाजाविषयी आमची तक्रार नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. तो कौशल्य विकतो आणि त्याला मजुरी मिळते. मजुरी ही अप्रतिष्ठेची गोष्ट नव्हे. मालकाचाही आम्हांला फारसा राग नाही. जोखीम त्याची आहे. आमचा वाद आहे तो या सगळ्याला ‘सहकार्य’ म्हणण्याशी. मराठी वाचकाला हा शब्द नवा नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्यालाही आता सात दशके उलटून गेली. सहकाराचे पुढे काय झाले ती कहाणी वेगळी. पण त्याचे मूळ तत्त्व लक्षात घ्यावे. तिथे मत प्रत्येकाला एक, मात्र उसाचा दाम ज्याच्या त्याच्या उसाच्या वजनावर. समानता अधिकारात होती, मोबदल्यात नव्हती. नकाशाने याच्याही पुढचे पाऊल टाकले आणि मोबदलाच समान केला.

असा समान मोबदला कुठे टिकतो? तो टिकतो सावडीत. आज पाच जण माझ्या शेतात राबतील, उद्या मी त्यांच्या शेतात राबेन. एखाद्या दिवशी कुणाचे काम कमी, कुणाचे जास्त होईल. पण सावडीचा हिशेब दिवसाचा नसतो, हंगामाचा असतो. इर्जिकीतही गावकरी आपापली औते घेऊन येतात आणि जेवून जातात; कुणी किती तास काढली याची मोजदाद करत नाहीत. समान पेटीचा नियम या जातीचा आहे. आजच्या नकाशात मी नऊ उंदीर धरले, तुम्ही एक. उद्याच्या नकाशात उलटे घडेल. हा नियम ‘उद्या’वर उभा आहे. जळूला उद्या नसतो. ती किंमत देऊन मोकळी होते, आणि मोकळे होणे म्हणजेच सावडीतून बाहेर पडणे. पैसे देऊन देणे फिटते. सावडीत मात्र देणे फिटू नये यातच सारी गंमत असते.

हुइझिंगाने खेळ बिघडवणाऱ्यांचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक लबाड : तो नियम मोडतो, पण खेळतो आहे असे भासवतो, म्हणून खेळाच्या जगाला तो मान तरी देतो. दुसरा खेळमोड्या : तो रिंगणच झुगारतो आणि म्हणून समाज त्याला लबाडापेक्षा कमी क्षमा करतो. जळू या दोहोंत बसत नाही. ती एकही नियम मोडत नाही आणि रिंगणही झुगारत नाही. ती फक्त खेळत नाही. खेळल्याचे फळ मात्र घेते. बर्नार्ड सूट्सने १९७८ मधल्या ‘द ग्रासहॉपर’मध्ये खेळाची व्याख्या करताना म्हटले की, अनावश्यक अडथळे स्वेच्छेने ओलांडण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ. अडथळाच ओलांडायचा नसेल तर उरते काय? एक रिकामी पेटी, भले तिच्यात कितीही माल असो. गमतीची गोष्ट अशी की, शिकारी माणूस आहे, यंत्र नव्हे, हे तपासण्यासाठी या खेळात अधूनमधून राजाचे पारितोषिक आडवे येते आणि खेळाडूला कोडे सोडवावे लागते. शिंग फुंकणारा माणूस आहे की नाही हे राजा पाहतो. पेटी उचलणाऱ्याने कधी शिंग फुंकले की नाही, हे कुणीही पाहत नाही.

खजिन्याच्या खेळांचा इतिहासच असा बाजारी आहे, असे कुणी म्हणेल. तो तसा नाही. किट विल्यम्स या इंग्रज चित्रकाराने १९७९ मध्ये ‘मास्करेड’ हे चित्रांचे पुस्तक काढले आणि त्यातल्या कोड्याच्या उत्तराच्या जागी सोन्याचा ससा पुरून ठेवला. १९८२ मध्ये ‘केन थॉमस’ या टोपणनावाच्या माणसाने तो मिळवला. कोडे खऱ्या अर्थाने सोडवले होते माइक बार्कर आणि जॉन रूसो या दोन भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी, एकमेकांच्या साथीने. थॉमसला मात्र जागेचा सुगावा चित्रकाराच्या पूर्वीच्या मैत्रिणीच्या मार्गाने लागला होता, हे १९८८ मध्ये ‘संडे टाइम्स’ने उघडकीस आणले. ससा कुणाच्या हाती गेला हे इतिहासात नोंदलेले आहे. पण आज ‘मास्करेड कुणी सोडवले’ असा प्रश्न आला की नावे त्या दोघांची घेतली जातात. कारण मिळवणे आणि सोडवणे यांतला फरक तेव्हा लोकांना दिसत होता, आणि म्हणूनच त्या बातमीचा बोभाटा झाला. माउसहंटच्या बाजारात बोभाटा होण्याजोगे काही उरलेलेच नाही, कारण सगळे उघड आहे.

‘उघड आहे, मग बिघडले कुठे?’ हा प्रतिपक्षाचा सर्वात भक्कम मुद्दा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. देणारा राजी, घेणारा राजी. जळवांच्या पैशातून मालकाचा खर्च निघतो आणि त्यामुळे अधिक नकाशे उघडले जातात. ज्यांना नोकरीधंद्यामुळे सवड नाही त्यांनाही पेटी मिळते. आणि एक माणूस वाढल्याने कुणाचीही पेटी लहान होत नाही. यातले पहिले तीन मुद्दे आम्हांला मान्य आहेत. पण ते बाजाराच्या समर्थनाचे मुद्दे आहेत. त्यांनी फार तर एवढे सिद्ध होते की हा बाजार प्रामाणिक आहे. प्रामाणिक बाजाराला बाजार म्हणावे. सहकार्याची मांडवली कशाला? चौथा मुद्दा मात्र धोक्याचा आहे. नाव वाढवल्याने कुणाचे काहीच कमी होत नसेल, तर नाव ही विकाऊ वस्तू होते. नेमक्या याच फटीतून सारे आत शिरते.

ही फट आम्हां महाविद्यालयीन शिक्षकांच्या ओळखीची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने शोधनिबंधांना गुण लावले. त्या वेळी संयुक्त निबंधाचे गुण वाटून घ्यावे लागत : मुख्य लेखक आणि मार्गदर्शक यांना मिळून साठ टक्के, उरलेले चाळीस टक्के बाकीच्यांत समान. एक नाव वाढले की बाकीच्यांचा घास लहान होई. २०१८ च्या नियमावलीने दोनांहून अधिक लेखक असल्यास मुख्य लेखकाला सत्तर टक्के आणि इतर प्रत्येक सहलेखकाला तीस टक्के ठेवले. आता तिसऱ्याच्या पुढे चौथे, पाचवे, सहावे नाव घातले तरी आधीच्यांचे तीळभरही कमी होत नाही. समान पेटीचा नियम तो हाच. आणि निबंध तयार आहे, अमुक क्रमांकाची जागा रिकामी आहे, तिची किंमत इतकी, अशा जाहिराती ज्यांच्या फोनवर आल्या नाहीत असे शिक्षक आता शोधावे लागतील. तिथेही देणारा राजी, घेणारा राजी. तिथेही कुणाची पेटी लहान होत नाही. तिथेही याला ‘संयुक्त संशोधन’ असेच म्हणतात. मग उद्या गटप्रकल्पात एकाने लिहिले आणि पाचांनी सह्या केल्या, तर त्या विद्यार्थ्यांना आम्ही कोणत्या तोंडाने बोलायचे?

म्हणून आम्ही उंदरांच्या खेळावर एवढे शब्द खर्च केले. खेळ ही निरुपद्रवी जागा असते म्हणूनच तिथे सवयी बिनबोभाट रुजतात, आणि सवयीच्या आधी शब्द रुजतात. जळूने स्वतःचे नाव तरी खरे सांगितले आहे. त्याबद्दल तिचे आभारच मानले पाहिजेत. खोटे बोलतो आहे तो तिच्या व्यवहाराला सहकार्य म्हणणारा मार्गदर्शक. बंदी घाला, असे आमचे म्हणणे नाही. ज्यांना पेटी विकत घ्यायची आहे त्यांनी खुशाल घ्यावी, फक्त पावतीवर ‘खरेदी’ असे लिहावे. सहकार्य हा शब्द मात्र त्यांच्यासाठी राहू द्यावा, जे विसाव्या उंदरासाठी पंधरा-पंधरा मिनिटांनी शिंग फुंकत एकमेकांची वाट पाहत बसतात.