इंग्रजी वाक्प्रचार आणि मराठी क्रियापदाचा कौल

इंग्रजी वाक्प्रचारांच्या मराठी अवताराविषयीची तक्रार जुनी आहे. ‘निबंधमाले’तील (१८७४–८१) ‘भाषादूषण’ या निबंधात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजी वळणाच्या मराठीचा समाचार घेतला. त्यानंतरही हा प्रश्न बहुधा शुद्धाशुद्धतेच्या अंगानेच चर्चिला गेला. वस्तुतः परका वाक्प्रचार मराठीत रुजला की नाही, याचा कौल त्याला जोडलेले क्रियापद देते.

‘हिरवा कंदील दाखवणे’ हा प्रयोग पाहावा. इंग्रजीत हिरवा दिवा ‘दिला’ जातो. मराठीत कंदील ‘दाखवला’ जातो. १८६७ साली लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचला आणि गार्डाच्या हातातील कंदील या प्रांताच्या परिचयाचा झाला. ‘दाखवणे’ हे क्रियापद अशा प्रत्यक्ष अनुभवाशी जुळणारे आहे. सयामी आख्यायिकेतील पांढरा हत्ती वऱ्हाडात कोणी पाहिलेला नाही. तरी मराठीने त्याला ‘पोसणे’ जोडले आणि बैलजोडी पोसण्याचा खर्च जाणणाऱ्या शेतकऱ्याला तो कळला. उलट ‘प्रकाश टाकणे’ हे भाषांतर मुख्यतः व्याख्यान, वृत्तपत्र आणि प्रबंध यांपुरतेच राहिले. बोलीत ‘उजेड पाडणे’ आहे, पण ‘मोठा उजेड पाडलास’ म्हणजे काहीच साधले नाहीस! प्रतिमा एक, अर्थ विरुद्ध.

हा भेद अध्यापनात दुर्लक्षिला जातो. गुरुकुंज मोझरीसारख्या गावातून महाविद्यालयात येणारा विद्यार्थी इंग्रजी वाक्प्रचार आणि त्यांचे अर्थ दोन रकान्यांत पाठ करतो. इंग्रजीत कुत्र्यामांजरांचा पाऊस पडतो, म्हणजे तो मुसळधार असतो, एवढे त्याला परीक्षेपुरते येते. पावसाच्या धारेला मुसळाची उपमा देणे हेही तितकेच विलक्षण आहे, हे मात्र त्याच्या लक्षात आणून दिले जात नाही. त्याची वऱ्हाडी बोली तर ‘अशुद्ध’ म्हणून आधीच वर्गाबाहेर राहिलेली असते. परिणामी परकी भाषा अंगवळणी पडत नाही आणि स्वतःच्या भाषेविषयीचा विश्वासही उणावतो.

याच मोझरीत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली गुरुकुंज आश्रम स्थापिला. त्यांच्या ‘ग्रामगीते’ने (१९५५) ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य यांसारखे विषय ४१ अध्यायांत ओवीबद्ध केले. नव्या काळाचा विचार ग्रामीण श्रोत्याच्या ओळखीच्या छंदात आणि शब्दकळेत मांडता येतो, याचे हे जवळचे उदाहरण होय.

तेव्हा इंग्रजी वाक्प्रचारांना मज्जाव करण्याचे कारण नाही. वर्गातील तक्त्याला तिसरा रकाना मात्र जोडावा: ‘हे घरी कसे म्हणतात?’ तो रकाना विद्यार्थ्यानेच भरावा, आणि वऱ्हाडीत भरला म्हणून त्याचे गुण कापले जाऊ नयेत.