तरवारधारिणी मत्स्यकन्या

युरोपातील सरदार घराण्यांच्या आणि नगरांच्या चिन्हांकित ढालींवर सिंह, गरुड आणि किल्ल्याचा बुरूज यांच्या पंक्तीला मत्स्यकन्याही शतकानुशतके बसलेली आहे. परंतु त्या परंपरेने तिच्या हाती बहुधा शस्त्र दिले नाही, दिला तो एका हाती आरसा आणि दुसऱ्या हाती फणी. मध्ययुगातील ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी तिला रूपगर्वाची आणि खलाशांना विनाशाकडे ओढून नेणाऱ्या मोहाची मूर्ती मानले, चर्चच्या दगडी स्तंभशीर्षांवर आणि लाकडी आसनांवर इशाऱ्यादाखल कोरले, आणि इंग्लंडातील कुलचिन्हांत ती शिरली तीही हा आरसा बरोबर घेऊनच. म्हणूनच, पोलंडची राजधानी वॉर्सा हिच्या नगरचिन्हावर, तांबड्या भूमीवर, उजव्या हातात तरवार उगारून आणि डाव्या हातात वाटोळी ढाल धरून उभी असलेली मत्स्यकन्या जेव्हा दृष्टीस पडते, तेव्हा ही त्याच कुळातली आहे यावर क्षणभर विश्वास बसत नाही.

नगरचिन्हांविषयी सामान्यतः दोन मते ऐकू येतात. ही सारी सरंजामी काळाची निरुपयोगी भूषणे असून आधुनिक नगराच्या कारभारात त्यांना स्थान नाही, असे एक पक्ष म्हणतो. आणि पूर्वजांनी एकदा मोर्तब केलेल्या चिन्हातील रेषाही हलवणे हा इतिहासद्रोह होय, असे दुसरा बजावतो. वॉर्साच्या मत्स्यकन्येचा इतिहास मी जसजसा वाचत गेलो, तसतशी दोन्ही मते चुकीची आहेत अशी माझी खात्री होत गेली.

दुसऱ्या पक्षाचा युक्तिवाद तर तिच्या जन्मवृत्तापुढेच टिकत नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरीस वॉर्साच्या कागदपत्रांवर जी नगरमुद्रा उठत असे, तिच्यावर मत्स्यकन्या नव्हतीच. होता तो एक विलक्षण संकरप्राणी: कमरेच्या वर ढालतरवार घेतलेला पुरुष, आणि कमरेखाली पक्ष्याचे पाय, खवल्यांचे अंग आणि सर्पासुराची शेपटी. पुढील पिढ्यांच्या मुद्राकारांनी हळूहळू पुरुषाची स्त्री केली, पायांची आणि शेपटीची मिळून माशाची शेपटी केली, आणि अठराव्या शतकापर्यंत ती आज ओळखता येईल अशी मत्स्यकन्या झाली. व्हिस्चुला नदीत कोळ्यांना सापडलेल्या, लोभी व्यापाऱ्याने कोंडून ठेवलेल्या आणि सुटका झाल्यावर आपल्या रक्षणकर्त्यांच्या नगराचे रक्षण करण्याचे वचन देणाऱ्या जलकन्येची जी लोककथा तेथील मुलांना आज सांगितली जाते, ती या चिन्हाभोवती मागाहून विणली गेली. या साऱ्या रूपांतरात एकच गोष्ट पहिल्या मुद्रेपासून आजतागायत हातची सुटली नाही, ती म्हणजे ढालतरवार.

युरोपातील कुलचिन्हांच्या शास्त्राचा एक नियम येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. त्या शास्त्रात चिन्हाची सनद मुळात चित्राची नसून शब्दांची असते: भूमीचा वर्ण कोणता, तिच्यावर कोणती आकृती, कोणत्या हाती काय, इतके ठराविक परिभाषेत लिहून ठेवले म्हणजे चिन्ह निश्चित झाले, आणि ते कोणत्या वळणाने रेखाटावे हे त्या त्या काळच्या चित्रकाराच्या हाती राहिले. या व्यवस्थेत मला मोठे शहाणपण दिसते. वॉर्साच्या जुन्या शहरातील चौकासाठी कॉन्स्टांटी हेगेल याने 1855 साली घडविलेली मूर्ती आणि व्हिस्चुलेच्या काठी लुडविका निचोवा या शिल्पकर्त्रीने 1939 साली उभी केलेली मूर्ती यांच्या शैलींत फार अंतर आहे, तरीही त्या दोन स्त्रिया निराळ्या आहेत असे कोणी म्हणत नाही.

पहिल्या पक्षाला, म्हणजे चिन्ह हे केवळ भूषण होय असे मानणाऱ्यांना, उत्तर या दुसऱ्या मूर्तीच्या इतिहासात आहे. ती उभारण्यामागे वॉर्साचा नगराध्यक्ष स्तेफान स्टाझिन्स्की याचा पुढाकार होता, आणि तिच्यासाठी निचोवापुढे क्रिस्टिना क्राहेल्स्का ही तरुण कवयित्री बसली होती. मूर्ती उभी राहून वर्षही लोटले नव्हते तोच जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले. वेढ्यात सापडलेल्या शहराचा धीर स्टाझिन्स्कीने नभोवाणीवरून अखेरपर्यंत टिकवला, आणि शहर पडल्यावर त्याला अटक करून जर्मनांनी ठार मारले. 1 ऑगस्ट 1944 रोजी वॉर्साने जर्मन सत्तेविरुद्ध उठाव केला, तेव्हा क्राहेल्स्का शुश्रूषापथकात होती. त्याच पहिल्या दिवशी जखमींच्या मदतीला धावताना तिला गोळ्या लागल्या आणि दुसऱ्या दिवशी ती मरण पावली. उठाव 63 दिवस चालला. दीड लाखाहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले. उरलेल्यांना शहराबाहेर हाकलून जर्मनांनी एकेक इमारत जाळली आणि सुरुंग लावून उडवली. त्या भस्मसात राजधानीत निचोवाची मत्स्यकन्या मात्र, अंगावर गोळ्यांच्या खुणा घेऊन, आपल्या जागी उभी होती. जिच्या देहावरून ती घडवली गेली ती तरुणी शस्त्रधारिणी नव्हती, औषधाची पिशवी घेऊन निघालेली परिचारिका होती. तरीही त्या ब्राँझच्या तरवारीला जो अर्थ आला तो तिच्यामुळे आणि तिच्यासारख्या सहस्रावधींमुळे आला, घडवणाऱ्या हातांनी तो आधीच त्यात ओतला होता असे म्हणता येणार नाही.

हा अर्थ वरून लादता येत नाही याचाही दाखला त्याच शहरात मिळतो. युद्धोत्तर साम्यवादी राजवटीने नगरचिन्हावरील मुकुट काढून टाकला. 1948 साली वॉर्सात आलेल्या पिकासोने तर नव्या कामगार वसाहतीतील एका खोलीच्या भिंतीवर तरवारीऐवजी हातोडा घेतलेली मत्स्यकन्या रेखाटली. एवढ्या थोर चित्रकाराचे ते चित्र पाच वर्षांत चुन्याखाली गेले, आणि मुकुट 1990 साली परत आला.

कोणी म्हणेल, दूरदेशीच्या या नगरचिन्हाशी मराठी वाचकाचे नाते काय? नाते आहे, आणि ते कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचे आहे. सोव्हिएत रशियाने हद्दपार केलेल्या पोलिश कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार स्त्रिया, मुले आणि वृद्ध 1943 ते 1948 या काळात तेथील छावणीत राहिले. आणि त्यांतील अनेकांचे पती, पुत्र, बंधू जनरल अँडर्सच्या पोलिश सेनेत होते. त्या सेनेचे, मे 1944 मध्ये इटलीतील माँटे कॅसिनो जिंकणाऱ्या दुसऱ्या पोलिश कोरचे, बाहीवरचे चिन्ह हीच तरवारधारिणी मत्स्यकन्या होते. पंचगंगेच्या खोऱ्यातील छावणीत टपालाची वाट पाहणाऱ्या त्या स्त्रियांना ते चिन्ह शोभेचे वाटले असेल, हे मला संभवनीय वाटत नाही.

वळिवड्याचा हा इतिहास कोल्हापुरात अलीकडे पुन्हा सांगितला जाऊ लागला आहे आणि महावीर उद्यानातील स्मारकाने त्याला एक स्थानही मिळाले आहे. माझी विनंती एवढीच, की जिल्ह्यातील शाळांतून तो शिकवताना छावणीतील मुलांबरोबर त्यांच्या आघाडीवर गेलेल्या वडिलांचीही गोष्ट सांगावी आणि त्यांच्या बाहीवरचे ते चिन्ह विद्यार्थ्यांना दाखवावे.