बाळाचे तोंड वाकडे झाले, तर आधी कान बघा



थंडी पडली की नांदेड-लातूरकडच्या गावांत सर्दीने चोंदलेली लेकरे आणि त्यांचे वाहते कान हे ठरलेलेच. ‘कान फुटलाय, होईल बरा’ म्हणत त्यात कोमट तेल सोडले जाते. मग एखाद्या बाळाचे कालपर्यंत सरळ असलेले तोंड रडताना एका बाजूला ओढले जाते, झोपेत एक डोळा अर्धा उघडा राहतो, दूध ओठाच्या कोपऱ्यातून गळते. घरचे म्हणतात, वारे गेले. चोळणे, शेकणे सुरू होते आणि मोलाचे दिवस वाया जातात.

चेहरा हलवणारी नस मधल्या कानातून, हाडाच्या अरुंद नळीतून जाते. काहींच्यात ही नळी मध्येच उघडी असते. पडद्यामागे पू साचला की नस सुजते आणि निम्मा चेहरा लुळा पडतो. तोंड ओढले जाते ते मात्र निरोगी बाजूला! आजी तोच गाल चोळत बसते. पिकलेला कान असतो दुसऱ्या, शांत दिसणाऱ्या गालाकडचा. वेळेवर प्रतिजैविक मिळाले, गरज पडल्यास पडद्याला बारीक छेद देऊन पू काढला, तर बहुतेक बाळांचा चेहरा पूर्ववत होतो. नांदेडजवळच्या विष्णुपुरीचे शासकीय रुग्णालय किंवा लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय संस्था गाठायला हवी ती यासाठी, आणि त्याच दिवशी.

‘असे रुग्ण किती? आशाताईंवर आणखी ओझे कशाला?’ असे कुणी म्हणेल. रुग्ण थोडेच, मान्य. पण आशाताई तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्यापर्यंत दर तीन महिन्यांनी घरी येतातच. बालआजारांच्या सरकारी तक्त्यात कानदुखी, कानातला पू, कानामागची सूज विचारतात. चेहऱ्याचे काही नाही. तिथे एवढेच वाढवा: रडताना दोन्ही गाल सारखे हलतात का? (मोबाइलमध्ये भरायचा एखादा रकाना त्याबदल्यात कमी केला तरी कुणाचे बिघडणार नाही.)

कान पिकूच नये यासाठीही उपाय आहे. राज्यात 2021 पासून मोफत मिळणारी न्यूमोकोकल लस कान पिकवणाऱ्या एका प्रमुख जंतूला अडवते. तिचा शेवटचा डोस नवव्या महिन्यात असतो. ऊसतोडीला गेलेल्या आईचे बाळ अनेकदा तेव्हा कारखान्याच्या तळावर, कोपीत (झोपडीत) असते. तिथे हा डोस कोण देणार आणि कान कोण बघणार, हे नांदेड आणि लातूर जिल्हा परिषदांनी गळीत हंगामाआधी जाहीर करावे.

— एक निवृत्त आरोग्यसेविका, अहमदपूर (जि. लातूर)