दंड पुढे करण्याचे वय

आमच्या लहानपणी देवी काढणारा दारी आला, की पोरे कोठीत, माळ्यावर, मिळेल तेथे दडून बसत. शेवटी आईने हात आवळून धरावयाचा आणि आपण टाहो फोडावयाचा! लेकरांना काही विचारण्याची रीतच नव्हती. १४ जून १८०२ रोजी हिंदुस्थानातील पहिली देवीची लस मुंबईत ॲना डस्टहॉल या ३ वर्षांच्या मुलीला टोचली गेली. तिलाही कोणी विचारले नसणार.

कोविडच्या लशीची गोष्ट निराळी. ३ जानेवारी २०२२ पासून १५ ते १८ वयाच्या मुलांना कोव्हॅक्सिन मिळू लागली आणि १६ मार्चपासून १२ ते १४ वयाच्यांना कोर्बेव्हॅक्स. दोन्ही लशी आमच्या हैदराबादेतील कारखान्यांच्या. मात्रा दोन, २८ दिवसांच्या अंतराने. घेणारी मुले मात्र कडेवरची नव्हती, आपले मत असणारी होती.

आमची नात तेव्हा १६ वर्षांची. मे २०२१ मध्ये तिचे आजोबा कोविडने गेले. त्याआधी काही दिवस ती मैत्रिणीकडे वही आणावयास गेली होती आणि आजार आपणच घरात आणला, असे तिने मनाशी धरले होते. आम्हांला हे कळले ते जानेवारीत, घरात लशीचा विषय निघाला तेव्हा.

सून तयार नव्हती. ‘‘आई, मुलांना हा आजार बहुधा सौम्यच होतो, मग कशाला?’’ तिचे म्हणणे टाकाऊ नव्हते. परदेशी काही तरुण मुलांच्या हृदयाच्या स्नायूला लशीनंतर सूज आल्याचे तिने वाचले होते. बातमी खरीच होती. परंतु तो क्वचित होणारा त्रास मुख्यतः एमआरएनए जातीच्या लशींचा, आणि त्या आपल्याकडे मुलांना दिल्याच गेल्या नाहीत. कोव्हॅक्सिनमध्ये मारलेला विषाणू असतो. कुत्रा चावल्यावर टोचतात ती लसही त्याच पद्धतीची. कोर्बेव्हॅक्समध्ये विषाणूच्या प्रथिनाचा एक अंश तेवढा असतो, हिपॅटायटिस-बीच्या लशीसारखा. हे समजल्यावर सुनेची भीती ओसरली, शंका राहिली. राहीना का! शंका घेणारी आई लेकराची वैरीण नव्हे.

नातीचा प्रश्न अवघड होता. ‘‘आजी, मी टोचून घेतली, तर माझ्यामुळे तुला होणार नाही ना?’’

‘हो’ म्हणून मोकळे होता आले असते. पण लस प्रामुख्याने आजाराचा जोर मोडते. लस घेतलेल्यांकडूनही तो दुसऱ्यांना होतो, हे त्याच महिन्यात ओमिक्रॉनने घरोघरी दाखविले होते. मी तिला तसेच सांगितले. आजोबा त्या आठवड्यात बँकेतही गेले होते, औषधाच्या दुकानातही. आजार कोणी आणला हे कोणालाच कधी कळणार नाही, हेही सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘तरी घेते.’’ सुनेनेच तिला केंद्रावर नेले. रात्री दंड दुखला, थोडी कणकण आली, सकाळी उतरली.

काही भगिनी अजून विचारतात, धाकट्याची ही लस राहिली, आता काय? १२ वर्षांखालची मुले सरकारी मोहिमेत आलीच नव्हती. निरोगी मुलांसाठी या लशीची निकड कमी, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही मार्च २०२३ मध्ये म्हटले. मूल मुळात आजारी असेल, तर मात्र आपल्या डॉक्टरांना विचारावे.

खरी काळजी निराळीच आहे. साथीच्या त्या वर्षांत कित्येक बाळांच्या नेहमीच्या लशी चुकल्या. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवर उसळला, लेकरे दगावली. त्या बातम्या वाचून आम्ही धाकट्या नातवाचे कार्ड काढले, तो गोवराच्या दुसऱ्या मात्रेचा रकाना कोरा! टाळेबंदीत राहूनच गेली होती. दुसऱ्याच दिवशी त्याला नेले. त्याने टाहो फोडला, आणि हात धरावयास या खेपेस त्याची ताई होती.